रांगेतला प्रतिनिधी

यंत्रानं माणसाची जागा नेमकी कधी घेतली, याच्या तारखा इतिहासात मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या असतात. त्या तारखांमध्ये धाराशिवचं नाव कुठंच नव्हतं. ही उणीव एका गुरुवारी सकाळी साडेनऊला भरून निघाली आणि पावणेबाराला पुन्हा जशीच्या तशी झाली. मधल्या सव्वादोन तासांत जे घडलं त्याचे परिणाम मात्र शुक्रवार संध्याकाळपर्यंत पुरले.

या घटनेच्या मुळाशी विज्ञान आहे, असं गुरव सर सांगत. मुळाशी उजवा गुडघा आहे, असं त्यांच्या पत्नी शिवकन्या सांगत.

इंद्रजित गुरव एका खाजगी आयटीआयमध्ये वीजतंत्री शाखेला शिकवत. वय त्रेपन्न. मुलगी शिवप्रिया यंदा इंजिनिअरिंगला चालली होती, आणि तिच्या अर्जाला नॉन क्रिमीलेअरचा दाखला शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत जोडायचा होता. नाही जोडला तर जागा जाणार, इतका साधा हिशेब. ज्यांना हा दाखला कधी काढावा लागला नाही त्यांच्यासाठी सांगायचं, तर हा माणूस समाजाच्या वरच्या सायीत मोडत नाही, असं सरकारनं सही-शिक्क्यानिशी लिहून द्यायचं असतं. सरांना ही गोष्ट रोज आरशात दिसत होती आणि स्टाफरूममध्ये ऐकू येत होती. पण ती कागदावर यायला रांग होती.

कचेरीचं नाव सांगण्यात अर्थ नाही. ज्यानं ज्यानं आयुष्यात एक तरी दाखला काढलाय, त्यानं इथं आपापली कचेरी बसवून घ्यावी.

सोमवारी सर त्या रांगेत चार तास उभे राहिले. खिडकीवर रोज चाळीस अर्ज घ्यायचे, एक्केचाळिसाव्याला उद्या या म्हणायचं, असा तिथला नेम. सरांच्या पुढं दोनच माणसं उरली असताना पांढरे कडक कपडे घातलेले एक गृहस्थ बाजूच्या दारानं आत गेले. त्यांच्यामागून चहा आत गेला. चहामागून खिडकी बंद झाली. सर लंगडत घरी आले आणि गुडघा शेकता शेकता त्यांनी जाहीर केलं, की माणसानं स्वतः रांगेत उभं राहणं हा मागच्या शतकातला प्रकार आहे आणि तो आता आपण संपवणार.

हे काही त्यांना शेकताना सुचलं नव्हतं. मार्चच्या स्टाफ मीटिंगमध्ये त्यांनी हीच कल्पना मांडली होती : पुढच्या काळात माणसाच्या जागी रांगेत यंत्र उभं राहील, आणि ते आपल्याच वर्कशॉपमध्ये करता येईल. प्राचार्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की व्हरांड्यातल्या पंख्याचं काय झालं. मग एप्रिलमध्ये पुण्याहून एक पाहुणे आले. त्यांनी टाय लावला होता. पडद्यावर चित्रं दाखवत ते म्हणाले, येत्या दहा वर्षांत यंत्र तुमच्या जागी रांगेत उभं राहील. प्राचार्यांनी हे वाक्य डायरीत उतरवून घेतलं आणि सरांकडं वळून म्हणाले, "बघा गुरव, जग कुठं चाललंय." टाळ्या झाल्या. सरांनीही वाजवल्या, पण एकाच हातानं मांडीवर. दुसऱ्या हातात त्यांनी पाहुण्यांच्या एक्स्टेंशन बोर्डाची सैल पिन दाबून धरली होती.

शेजारी रेवणप्पा काका राहत. महसुलात अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळं कुठल्याही कामाचा सरळ रस्ता त्यांना माहीत नव्हता आणि बाकीचे सगळे पाठ होते. त्यांनी सोमवारीच सुचवलं, की अण्णांच्या कानावर घालू. अण्णा म्हणजे कोंडीराम अण्णा. सोनारीकडं ऐंशी एकर ऊस, शहरात प्रत्येक चौकात एक फ्लेक्स. अण्णांनी फोन करायचीही गरज नसे. अण्णांचं काम आहे एवढं कुणी म्हटलं तरी कागद आपोआप पुढं सरकत. सरांनी ताठ मानेनं सांगितलं, की आपण आयुष्यात कुणाच्या ओळखीनं काम करून घेतलेलं नाही, ते आपलं तत्त्व आहे.

"ओळख नाही म्हणून तत्त्व आहे का तत्त्व आहे म्हणून ओळख नाही, ते एकदा ठरवा," आतून शिवकन्या म्हणाल्या.

मंगळवारी संध्याकाळी सर आयुबभाईंच्या दुकानात गेले. आयुबभाई जळालेल्या मोटारींची तार पुन्हा भरून द्यायचे, कूलर दुरुस्त करायचे, आणि सरांच्या सगळ्या कल्पना ऐकून घेणारे जिल्ह्यातले एकमेव गृहस्थ होते; कारण ऐकताना त्यांचे हात मोकळे नसत, त्यामुळं कानांचा उपयोग होऊन जाई. त्यांच्याकडं एक मोडकी चाकाची खुर्ची पडून होती. तिची चाकं आणि मोटार, सरांच्या स्कूटरची बॅटरी, आणि आयटीआयच्या प्रदर्शनात सहभागाचं प्रमाणपत्र मिळवून परत आलेल्या ट्रॉलीचे दोन डोळे, म्हणजे सेन्सर, असं सगळं जुळवून बुधवारी दुपारपर्यंत यंत्र चालू लागलं. त्याची बुद्धी थोडक्यात अशी : हे डोळे गुडघ्याच्या उंचीवर. समोर गुडघे दिसले की हातभर अंतर ठेवून थांबायचं. गुडघे पुढं गेले की आपण पुढं जायचं. भिंत आली तर थांबायचं. सरांच्या मते रांगेतल्या माणसाकडून समाजाची याहून जास्त अपेक्षा नसते.

नाव ठेवलं 'प्रतिनिधी'.

मग सल्ले सुरू झाले. रेवणप्पा काका म्हणाले, नुसता गाडा उभा केला तर लोक त्यावर पिशव्या ठेवतील. शिवकन्या म्हणाल्या, तोंड नसलेल्याला कोण विचारणार, इथं तोंड असलेल्यांनाच विचारत नाहीत. शेवटी आयुबभाईंनी तोड काढली. त्यांच्या मेहुण्याचं रेडीमेड कपड्यांचं दुकान होतं. तिथला काचेमागचा पुतळा तो दोन दिवस द्यायला तयार झाला. अट एकच : कपडे काढायचे नाहीत, पाठीमागून टाचण्या लावून बसवलेत, आणि कॉलरच्या आतली चिठ्ठी फाडायची नाही. कपडे होते पांढरा लिननचा शर्ट, पांढरी पँट, वर आकाशी जाकीट. निवडणुकीच्या मोसमात हाच सेट सगळ्यात जास्त खपतो, असं मेहुण्यानं सांगितलं. पुतळ्याची हनुवटी जराशी वर होती. नजर कुणाकडंच नव्हती.

"सर, माशाल्ला," आयुबभाई लांब उभं राहून म्हणाले, "आता ह्याच्याशी बोलायला भ्या वाटायलंय."

गल्लीत चाचणी झाली. कॉलनीतली दहा माणसं रांगेत उभी राहिली, पुढं सरकली, थांबली. प्रतिनिधी प्रत्येकाच्या मागून हातभर अंतर राखत इतक्या अदबीनं सरकला, की शिवकन्यांनीही एक शब्द काढला नाही. सरांना मार्चमधली स्टाफ मीटिंग आठवली आणि डोळ्यांत पाणी आलं. धुरळ्यामुळं असेल.

गुरुवारी सकाळी सरांनी आणि आयुबभाईंनी प्रतिनिधीला ॲपे रिक्षातून कचेरीत नेलं. सतरावा नंबर मिळाला. हातात शिवप्रियाची कागदपत्रं, वर रबर बँड. सर समोरच्या टपरीवर बाकड्यावर बसले, गुडघा लांब केला आणि चहा सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा ते एकाच वेळी रांगेत होते आणि बसलेलेही होते. या क्षणी कुणीतरी फोटो काढायला हवा होता असं त्यांना वाटलं. फोटो पुढं निघाले, पण ते वेगळ्या कारणानं.

साडेदहाला ऊन चढलं. आणि इथं सरांच्या शोधातली एक गोष्ट उघडी पडली, जी पुण्याच्या पाहुण्यांच्या पडद्यावरही नव्हती. आपल्याकडची रांग ही माणसांची नसतेच. माणसं सकाळी येऊन जागा धरतात, मग जागेवर आपली एक चप्पल काढून ठेवतात आणि लिंबाखाली जाऊन बसतात. खिडकी उघडेपर्यंत रांगेत चपलाच उभ्या असतात. त्या गुरुवारी प्रतिनिधीच्या पुढं सोळा जणांच्या जागी अकरा चपला, दोन पिशव्या, एक पाण्याची बाटली, एक हेल्मेट आणि एक दगड होता. दगड कुणाचा हे दगडाच्या मालकालाच ठाऊक, पण त्याला कुणी हात लावत नव्हतं. ही व्यवस्था इतकी पक्की, की तीवरून भांडण झाल्याचं कुणाला आठवत नाही. कॉलनीतल्या चाचणीत मात्र शेजाऱ्यांनी कौतुकापोटी स्वतः उभं राहून सगळा घोटाळा करून ठेवला होता.

प्रतिनिधीनं समोर पाहिलं. गुडघे नव्हते. तो निघाला.

पहिली चप्पल चाकाखाली गेली. दुसरी बाजूला सरकली. हेल्मेट घरंगळत पायरीपर्यंत गेलं. प्रतिनिधी हनुवटी वर ठेवून, कुणाकडं न पाहता, सोळा लोकांच्या जागांवरून खिडकीकडं चालला होता. सरांच्या हातातला चहा अंगावर सांडला. आता आपल्या शोधाला दगड खावे लागणार, एक तर तिथं तयारच आहे, असं वाटून ते उठले.

लिंबाखालून कुणी काही बोललं नाही.

उलट दोघं-तिघं उठून उभे राहिले. गौराबाई म्हणून सोनारीकडच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांचा नववा नंबर. त्यांनी लगबगीनं येऊन स्वतःची चप्पल उचलून घेतली आणि मागच्यांना म्हणाल्या, "सरका रं, सायेब निघालेत." दारातल्या होमगार्डनं सलाम केला. पांढऱ्या कपड्यांतला, न बोलणारा, लोकांच्या चपलांवरून चालत जाणारा माणूस पाहून त्या आवारात एकालाही काही नवीन वाटलं नाही.

नवीन वाटलं ते मागून लंगडत धावणाऱ्या गृहस्थांचं. दहाव्या नंबरवाल्यानं सरांचा दंड धरला.

"ओ सर, शिकलेले दिसता. रांग हाय ही."

सर म्हणाले, ते पुढं चाललंय ते माझं आहे.

"व्हय, सगळे हेच म्हणत्यात. अण्णा माझे हायेत, सायेब माझे हायेत. मागं चला."

तोवर प्रतिनिधी भिंतीपाशी थांबला होता. खिडकीत वाकत नाही, कागद पुढं करत नाही, तोंड उघडत नाही, यावरून शिपायानं ओळखलं की माणूस मोठा आहे. त्यानं बाजूचं दार उघडलं. प्रतिनिधीला तिकडं ना भिंत दिसली ना गुडघे. तो वळून आत गेला.

आतली हकीकत नंतर तुकड्यातुकड्यानं कळली. खुर्ची दिली, साहेब बसले नाहीत. म्हणून रागावलेत असं ठरलं. पाणी दिलं, घेतलं नाही. म्हणजे फारच रागावलेत. टेबलावरच्या महेश्वरी मॅडमनी त्यांच्या हातातली कागदपत्रं अलगद काढून घेतली, तपासली, टाईप केली आणि बारा मिनिटांत मोठ्या साहेबांच्या टेबलावर सहीला ठेवली. सरांच्या सोमवारच्या चार तासांत या कागदपत्रांकडं कुणी पाहिलंही नव्हतं. शिपायानं चहाचा कप प्रतिनिधीच्या बोटांत अडकवायचा प्रयत्न केला, तेव्हा चहा आकाशी जाकिटावर सांडला. पुसायला गेला तर कॉलरमधली चिठ्ठी बाहेर आली. तिच्यावर किंमत आणि माप होतं.

याच वेळी सर घाम पुसत आत पोचले. त्यांच्यामागून आयुबभाई, आणि त्यांच्यामागून, असल्या प्रसंगी कुठूनही उगवणारे रेवणप्पा काका. मोठे साहेब हातात पेन धरून बसले होते. पेन कागदावर टेकलेलं होतं. सरांनी हात जोडून माफी मागायला सुरुवात केली, की हा एक पुतळा आहे, चुकून आत आला.

महेश्वरी मॅडम म्हणाल्या, "पुतळा आहे ते मला पहिल्याच मिनिटाला कळलं. कुणाचा आहे ते कळेना."

सगळे सरांकडं पाहत होते. साहेबांची सही निम्मी झाली होती. रेवणप्पा काकांनी सरांच्या पाठीत बोट खुपसलं आणि ओठ न हलवता म्हणाले, "अण्णांचा म्हणा. एक शब्द. पोरीचं भलं होईल."

एक शब्द होता. सरांना शिवप्रिया दिसली, तिचा अर्ज दिसला, आणि कारण नसताना एक्स्टेंशन बोर्डाची ती सैल पिनही दिसली.

"माझा आहे," सर म्हणाले. "मी केलाय."

"तुमचा म्हणजे कुणाचा?" साहेबांनी विचारलं.

"माझा. गुरव. आयटीआय."

साहेबांनी पेन उचललं, टोपण लावलं आणि कागद टेबलावर ठेवून दिला. रांगेतून या, म्हणाले. बाहेर पावणेबारा वाजले होते. प्रतिनिधीनं आपली जागा सोडली होती आणि सरांची अशी काही जागा नव्हती, त्यामुळं रांगेत त्यांचा नंबर एक्केचाळिसावा लागला. पण चाळिसातल्याही बहुतेकांचं जमलं नाही, कारण प्रतिनिधीच्या स्वागतात गेलेला वेळ, मग जाकीट पुसण्यात गेलेला वेळ, मग झाल्या प्रकाराची नोंद कुठल्या नोंदवहीत करायची यावर गेलेला वेळ, यात खिडकी फारशी उघडलीच नाही. रांगेतल्यांनी याचा दोष सरांना दिला. जाकिटाचा दोष मेहुण्यानं आयुबभाईंना दिला. आयुबभाईंनी कुणालाच दिला नाही, फक्त म्हणाले, "सर, डोळे खाली बसवायला पायजे होते, चपलेच्या लेव्हलला. पण मग ते दुसऱ्याच्या चपलेलाही थांबलं असतं. असलं मशीन इथं चालणार न्हाय."

दुपारी एकपर्यंत फोटो जिल्हाभर फिरले. खाली मजकूर : अण्णांचा यंत्रमानव थेट कचेरीत. धाराशिव भविष्याच्या दिशेनं. पांढऱ्या कपड्यांवरून लोकांनी मालक ठरवून टाकला होता. मार्चमध्ये ज्यांनी पंख्याचं विचारलं होतं त्या प्राचार्यांनी तो फोटो स्टाफच्या ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, दूरदृष्टी.

चहाच्या वेळी रेवणप्पा काका निरोप घेऊन आले. अण्णा रागावलेले नव्हते. अण्णांना कल्पना आवडली होती, इतकी की ती आपलीच असल्याचं त्यांना दुपारपासून आठवू लागलं होतं. उद्या सकाळी अकराला त्याच आवारात लोकार्पण. फ्लेक्स छापायला गेला आहे. वर अण्णा, मधे यंत्र, खाली 'संकल्पना : कोंडीराम अण्णा', आणि सगळ्यात तळाला 'विशेष सहकार्य' म्हणून गोलात सरांचा फोटो, मंडपवाल्याच्या शेजारी. सरांनी व्यासपीठावर उभं राहून दोन शब्द बोलायचे, की प्रेरणा अण्णांची. शाल, श्रीफळ आणि दाखला तिथंच अण्णांच्या हस्ते मिळेल.

सरांनी गुडघ्याला मलम चोळून घेतलं. मग म्हणाले, "यंत्र न्या. कल्पनाही न्या, ती काही माझ्याकडं राहून कुणाच्या उपयोगी पडली नाही. दाखला मात्र मी खिडकीतून घेणार."

"अहो, पण का?" रेवणप्पा काकांना खरंच कळेना.

"काका, मी वरच्या सायीत मोडत नाही असं लिहिलेलं असतं त्यात. ते अण्णांच्या हातून घेतलं तर खोटं ठरतं."

आतून काहीतरी टोला येईल म्हणून दोघंही थांबले. शिवकन्या बाहेर आल्या आणि गुडघ्याचा पट्टा सरांच्या मांडीवर ठेवून गेल्या.

शुक्रवारी सकाळी सर कचेरीत पोचले तेव्हा फाटक उघडायचं होतं. तरी बाविसावा नंबर लागला. पुढं गुरुवारचेच बहुतेक लोक होते. एकविसाव्या गौराबाई. त्यांनी सरांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"काल आत खरं बोलला म्हनं तुमी?"

सर हो म्हणाले.

"मग उबं ऱ्हावा आता," त्या म्हणाल्या, आणि डब्यातली अर्धी भाकरी मोडून त्यांच्या हातावर ठेवली.

अकराला मंडपात अण्णा आले. खिडकी बंद झाली, कारण खिडकीतले सगळे मंडपात गेले. धुतलेलं जाकीट घातलेल्या प्रतिनिधीला हार घातला. अण्णांनी भाषणात सांगितलं, की लहानपणी आपण आईला रांगेत उभं असलेलं पाहिलं तेव्हाच ही कल्पना मनात आली; आणि आता या जिल्ह्यात कुणालाही रांगेत उभं राहावं लागणार नाही. रांगेतल्या लोकांनी जागा न सोडता टाळ्या वाजवल्या. सरांनीही वाजवल्या, या वेळी दोन्ही हातांनी.

नंतर अण्णांनी स्वतः बटण दाबलं आणि लोकांकडं वळले. प्रतिनिधीला समोर गुडघे दिसले. अण्णा व्यासपीठाच्या उतरणीवरून खाली आले, तोही आला. अण्णा फोनवर बोलायला लिंबामागं गेले, तो लिंबामागं गेला. अण्णा वळून थांबले, तो हातभर अंतर ठेवून, मान न हलवता थांबला. कार्यकर्त्यांनी याचंही कौतुक केलं. एरवी अण्णांच्या मागं हातभर अंतरावर असणारे दोघं मात्र जरा काळजीत पडलेले दिसले. अण्णा गाडीत बसले तसे गुडघे नाहीसे झाले, आणि गाडीचं दार त्याच्या हिशेबात भिंत नसल्यानं प्रतिनिधी त्याला नाक लावून बॅटरी संपेपर्यंत चाकं फिरवत राहिला. तो आता अण्णांच्या कार्यालयात दाराशी असतो; पुतळा परत मागायचं धाडस मेहुण्याला झालं नाही. बॅटरी सरांनी परत मागून घेतली. स्कूटर बंद पडली होती.

खिडकी दोनला उघडली. चार वाजून वीस मिनिटांनी सर तिच्यापाशी पोचले. महेश्वरी मॅडमनी कागद ओळखला, आत नेला, आणि साहेबांनी कालच्या निम्म्या सहीपुढं उरलेली निम्मी केली. शिवप्रियाच्या दाखल्यावरची सही म्हणून पहिल्या तीन अक्षरांपर्यंत निळ्या शाईत आहे आणि पुढं काळ्या. दाखला सव्वापाचला अर्जाला जोडला गेला.

त्या दिवशी सर दोनदा चहाला गेले आणि एकदा गुडघा लांब करायला लिंबाखाली. तेवढा वेळ बाविसावा नंबर त्यांच्या डाव्या चपलेनं धरून ठेवला.